ओहोटीपर्यंत थांबलेली तिरडी

रत्नागिरी, रविवार संध्याकाळ, पौष, १९३६

बाबांना जाऊन आठवडा होत आला. उद्या शाळेत शिकवायला जायला हवं, पण अंगात त्राण नाही.

मसणवट्याची सरळ वाट देवळावरून जाते. आम्हा महारांची तिरडी देवळाच्या पंचांनी तिथून नेऊ दिली नाही, म्हणून किनाऱ्याने निघालो, तर भरती लागलेली. बाबांना वाळूत ठेवून ओहोटीची वाट बघत बसलो. ती वाळूतली तिरडी डोळ्यांपुढून हलत नाही.

आज वकीलसाहेब समाचाराला आले. त्या पंचांपैकीच ते. अंगणात उभे राहूनच म्हणाले, "मास्तर, धर्म बदलण्याच्या भानगडीत पडू नका. आपण सगळे हिंदूच."

मला पुन्हा तिरडीच आठवली.

आये दारातून म्हणाली, "हिंदूच, तर मंग त्या दिशी वाट का नाय दिलीत?"

"वाट देवळाची आहे, आई," असं हळूच म्हणून ते गेले.

मग आयेने मला विचारलं, "तू काय ठरवलंस?" बाबांना वाईट वाटेल म्हणून इतके दिवस हे टाळत होतो. आज म्हटलं, "मी या धर्मात राहणार नाही."

ती रडली नाही. म्हणाली, "बा हुता तवाच बोलायचंस. त्याच्याबी मनात ह्येच हुतं."