मेधाताईंचा पत्ता

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आज मेधाताई आल्या. घरी नव्हे, कॉलेजात, मी काम करते त्या अ‍ॅडमिशनच्या खिडकीशी! माझ्या लेकीने, इराने, इथे या स्वस्त सरकारी कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा घरोघरून पदार्थ आणलेल्या गणपतीच्या पॉटलकला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "कम्युनिटी कॉलेज? तिथे काय, कोणालाही घेतात." इरा भरल्या ताटावरून उठली होती. ते ताट मी विसरलेले नाही.

आता त्यांचा रोहन बॉस्टनचं महागडं कॉलेज अर्धवट सोडून परत आलाय.

मी विचारलं, "पत्ता?" मला पाठ आहे, वास्तुशांतीच्या पोळ्या मीच लाटल्या होत्या. तरी त्यांच्या तोंडून वदवला. ते मिरवलेलं मोठं घर आमच्या कॉलेजच्या डिस्ट्रिक्टबाहेर, म्हणजे हद्दीबाहेर आहे, म्हणून फी दुप्पट. चेहरा खर्रकन उतरला.

"पण घेतील ना गं त्याला?"

"घेतील की. इथे कोणालाही घेतात."

रोहन नोकरी मात्र आमच्या हद्दीतच करतो, हे त्याच बोलून गेल्या. तेवढा एक फॉर्म भरला की फी निम्मी होते. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्येच होता. मी काढला नाही. दुष्टपणा झाला का? झाला असेल.

सोमवारी देईन. शनिवार-रविवार त्यांनाही भरल्या ताटावरून उठू दे.