डाव्या फ्लिपरच्या टोकावरून

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाहीच लागत! दिवसभर एमिलच्या नव्या पिनबॉल गेमवर तोच एक शॉट मारत बसलो. बॉल डाव्या फ्लिपरवरून, म्हणजे बटण दाबलं की बॉल उडवणाऱ्या दांडीवरून, घरंगळत टोकाला येऊ द्यायचा, आता पडतोय असं वाटलं की मारायचा. मग तो उजव्या कडेच्या अरुंद बोळात शिरून मागून फिरून यायला हवा. येतो कुठला! बोळाच्या तोंडावरच्या खांबावर आपटतो आणि परत.

एमिल शेजारी स्टूलावर बसून एकच पालुपद लावतो — "थांब. अजून थांब. घाई कसली?" थांबतोय की! आणखी किती थांबायचं?

त्याच्या प्रत्येक पिनबॉल मशीनमध्ये असा एक शॉट असतोच. आम्हा बाकीच्या डिझायनरांचे गेम नुसते धावतात, माझे तर जास्तच. एमिलच्या गेममध्ये मात्र एक जागा अशी येते की खेळणाऱ्याने श्वास रोखून थांबायचं. घाबरून आधी मारलं की गेला बॉल. शिकागोतल्या बारमध्ये त्या शॉटला त्याच्याच आडनावाने ओळखतात — ब्रोझेक. चित्रं झाकून ठेवली तरी गेम कुणाचा ते कळतं.

पण वर्षभरात त्याचे हात फार थरथरायला लागलेत. कॉफीचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतो. स्वतःचा शॉट स्वतःला मारून बघता येत नाही, म्हणून त्याच्या ऐवजी मी मारतो. आणि मनात येतं ते लिहूनच टाकतो — म्हाताऱ्याचा अंदाज चुकलाय.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मारून पाहिला. एकालाही लागला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कीटिंगने आत बोलावलं. साहेब असला तरी सहसा आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. "म्हाताऱ्याला दिसत नाही, की दिसतंय आणि मान्य करायचं नाही? सोमवारी शॉट बसला तर ठीक. नाहीतर गेम त्याच्याकडून काढून घेतो. पुढचं तू बघ, ग्लेन."

मी बघू? मला तारांना डाग द्यायच्या टेबलावरून उचलून डिझाइनमध्ये आणलं ते एमिलने. गेम आखायच्या फळीवर पहिली रेघ मारायला शिकवलं त्याने. त्याच्याच ताटातला घास मी ओढायचा?

खरं तर सरळ जाऊन सांगायचं होतं, 'एमिल, शॉट चुकलाय, बदला.' दोनदा त्याच्या टेबलापर्यंत गेलो. तिथे त्याच्या बायकोने, ब्लांकाने पाठवलेला डबा. माझ्यासाठी खसखशीचे कोलाचे, ते गोड पाव, वेगळे बांधलेले — तिला माझी आवड पाठ! म्हातारा म्हणाला, "खा रे. हात भरलेले असले की तू घाई तरी करणार नाहीस." खाल्ले आणि परत आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचलो. खांब काढला, अर्धा इंच डावीकडे सरकवला, तेवढं बोळाचं तोंड रुंद झालं. जुनं भोक लांबीने बुजवलं, घासलं. रंग न दिलेल्या कोऱ्या फळीवर अशी बुजवलेली भोकं डझनाने असतात. एक वाढलं तर कोण बघतं!

एमिल आल्यावर मारून दाखवला. लागला. पुन्हा लागला. म्हातारा स्टूलावरून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाहिलंस? थांबलास म्हणून लागला."

मी थांबलो नव्हतो. उलट आधीच मारला होता. तरी 'हो' म्हणालो.

कीटिंगनेही मारून पाहिला आणि मान डोलावली. गेम एमिलकडेच राहिला. चांगलंच केलं की मी! — असं बसमध्ये बसेपर्यंत वाटत होतं. घरी जेवण गेलं नाही.

२० फेब्रुवारी

म्हातारा येईल त्याला माझ्या धीराचं कौतुक सांगतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ मार्च, शुक्रवार

मिल्वॉकी अॅव्हेन्यूवरच्या बारमध्ये मशीन चाचणीला लावलं. रिवाजाप्रमाणे आम्ही कोपऱ्यात गप्प बसायचं, कोण आहोत ते सांगायचं नाही, लोकांच्या पाठींकडे बघायचं. एमिलला हे फार आवडतं. 'चेहरे खोटं बोलतात, पाठ बोलत नाही,' हे त्याचं ठरलेलं वाक्य.

गर्दी हटेना. कुठल्याशा हॉस्पिटलच्या गणवेशातली एक पोरगी खेळायला लागली. एका हातात बिअरची बाटली, मैत्रिणीशी गप्पा चालू, आणि ब्रोझेक मारतेय! लागोपाठ! थांबणं नाही, श्वास रोखणं नाही. पाठ एकदम सैल. मागचे लोक टाळ्या वाजवत होते. कीटिंग खूश, सगळ्यांना त्याच्याकडून सॉसेज.

एमिलने बशीला हात लावला नाही. बराच वेळ त्या पोरीची पाठ बघत राहिला. मग म्हणाला, "इतका सोपा?"

मी म्हटलं, "लोकांना आवडतोय ना!"

"आवडतोय. पण मी इतका सोपा काढला नव्हता रे. मला तो अवघडच दिसत होता." हात मांड्यांमध्ये दाबून धरले होते. "हात गेले तेव्हा म्हटलं, जाऊ देत, डोळा शाबूत आहे. आता तोही गेला म्हणायचा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कीटिंग ग्लास घेऊन आला आणि मी — लाज वाटते लिहायला — सुटलो म्हणून बरं वाटलं.

९ मार्च, सोमवार

एमिलने राजीनामा दिला. पुढच्या गेमचा आराखडा अर्धा झाला होता, तो गुंडाळून कपाटात टाकला. कीटिंगने अडवलं, अगदी मनापासून. त्यावर म्हणे एवढंच बोलला, की शॉट किती अवघड आहे हेच ज्याला कळत नाही त्याने फळीवर रेघा मारू नयेत.

मी त्याच्या मागे गाडीपर्यंत गेलो. बर्फाचा चिखल झालेला. तोच म्हणाला, "अरे, रडतोस काय? शेवटचा गेम तरी लोकांना आवडला."

नोकरी वाचवायला गेलो आणि माणूसच मोडला. आता खरं सांगितलं तर? शॉट मुळात बसतच नव्हता हे सांगावं लागेल. म्हणजे डोळा गेला हेच खरं ठरणार! माझं खोटं टिकलं तरी त्याचा डोळा गेला, खरं सांगितलं तरी गेलाच. गप्प राहिलेलंच बरं. किती सोयीचं आहे हे, तेही कळतंय मला.

३ एप्रिल, शुक्रवार

निरोप समारंभ. कारखान्यात या गेमच्या फळ्यांना भोकं पाडायचं काम जोरात — खांब मी सरकवलेल्या जागेवर. केकचा पहिला तुकडा एमिलने मला भरवला. हात थरथरत होता, क्रीम शर्टावर सांडलं, सगळे हसले, तोही हसला. ब्लांका मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरात गेमचं नावही काढू देत नाही रे. तू येत जा. तुझं ऐकतो तो."

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला त्याच्या शेवटच्या गेमची, ज्यावर शॉट मारून बघितले ती कोरी फळी फ्लिपरसकट घरी देतात. सोमवारी टेम्पो येणार. निदान ती तरी त्याची असावी. खांब मूळ जागी बसवून पाठवीन.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी खांब परत एमिलच्या मूळ जागी बसवला. टेम्पो यायला वेळ होता. कुणाला दाखवायचं नव्हतं, कुणाला वाचवायचं नव्हतं. फ्लिपरच्या बटणावर बोट ठेवून नुसता उभा राहिलो. बॉल घरंगळत टोकाला आला. मी मारला नाही. गेलाच, असं वाटलं — आणि मग मारला.

लागला. खांबाला शिवलासुद्धा नाही.

पुन्हा मारला. पुन्हा लागला.