तिचं तोंड बंद होतं

पारोळा, गुरुवार संध्याकाळ

आज त्या चिनी बाईमुळे माझी चोरी उघडी पडली. रोज कणीक मळून ठेवली की सासूबाई आणि मी मोबाईलवर ती चिनी मालिका बघतो. खालची इंग्रजी अक्षरं मी वाचायची आणि त्यांना सांगायचं. आज साहेब असिस्टंटला म्हणाला, "नोकरी सोड, माझ्याशी लग्न कर." ती नुसती रडत होती, तोंड बंद. आणि मी तिचं वाक्य म्हणून काय बोलून गेले! "मला नोकरी करायचीय. सोमवारपासून धुळ्याला बोलावलंय."

धुळ्याला! चीनमध्ये!

सासूबाई म्हणाल्या, "तिनं तोंड ते बंद शे."

आठ दिवस सांगायचं टाळत होते. का? नोकरी असिस्टंटचीच, आणि या मालिकेने तो शब्दच नासवलेला. हे तर म्हणाले, आईला तूच सांग. शेवटी सांगितलं सगळं.

"तुना साहेब बी असाच गोरापान शे का?"

"साहेब बाई आहेत हो. रिटायर व्हायला आल्यात."

मोबाईलवर ती अजून रडतेय, तोंड बंदच. सासूबाईंनी मोबाईल पालथा घातला.

"ही नुसती रडी राहिनी. तू बोलनी ते बरं झायं. सोमवारले यष्टी कितला वाजता शे?"