लेझमीची टेप

सातारा,
२८ नोव्हेंबर १९९८

चि. अंकितास आत्याचे अनेक आशीर्वाद.

सांगलीहून एसटीने पाठवलेली टेप मिळाली. शाळेत मुलींपुढे लावली आणि ‘चार आवाज’ हा पहिलाच प्रकार संपायच्या आत बंद केली. इतक्या वेगाने लेझीम कोणी करत नाही. पुढच्या रांगेतली दीक्षा माझी सर्वांत तयार मुलगी, पण तिलाही हात वर न्यायला सवड मिळत नव्हती. मागच्या रांगांचे विचारू नकोस.

माझी गरज पुन्हा लिहिते. आमचा हलगीवाला ज्ञानू यंदा फलटणच्या कारखान्यावर हंगामाला लागला आहे. तो सव्वीस जानेवारीला येणार नाही. म्हणून गेल्या वर्षी टेपवर भरलेली त्याची हलगी तुला पाठवली. आधी हलगी, मग झेंड्याचे गाणे, मग पुन्हा हलगी, आणि मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की मुली थांबतात, आणि थांबलेली लेझीम पुन्हा उचलत नाही. हे कॉम्प्युटरवर सहज होते असे तूच म्हणाली होतीस.

तुझ्या वडिलांचे, लालासाहेबाचे, पत्रही आले आहे. कॉम्प्युटर त्यांनी हिशेबाच्या कोर्ससाठी घेतला होता आणि तू त्यावर गाणी जोडत बसतेस, असे ते लिहितात. कुपवाडचे नाथाजी आपल्या वर्कशॉपच्या बिलांसाठी तो विकत मागत आहेत. निकाल लालासाहेबाने माझ्यावर टाकला आहे. तुझे काम उपयोगाचे आहे असे मी लिहिले, तरच कॉम्प्युटर घरात राहील. मी भाचीकडे बघून नव्हे, कामाकडे बघून लिहीन. दुसरी टेप नीट कर.

तुझ्या आईस आशीर्वाद. जेवणाच्या वेळा पाळतेस असे समजते.

तुझी आत्या,
कालिंदी


सांगली,
५ डिसेंबर १९९८

ती. स्व. आत्यास अंकिताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाचताना तुमची मैदानावरची शिट्टीसुद्धा ऐकू आली.

सहज होतं असं म्हणाले ही चूक झाली. पडद्यावर दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. एकात हलगी, एकात गाणं. एक बटण माऊसने वरखाली सरकवलं की वेग बदलतो. ठोके प्रोग्रॅम स्वतः मोजतो, पण ज्ञानूकाकांच्या हलगीपुढे तो गोंधळतो आणि एका ठोक्याचे दोन धरतो. मग मी मांडीवर हात मारून मोजते. आई म्हणते, पोरगी भजनाला लागली.

वेग जुळला की पट्टी बिघडते. गाणं पळवलं तर गाणाऱ्या बाईंचा आवाज चिमणीसारखा होतो, ओढलं तर घरात कोणी बाप्या गातोय असं वाटतं. वेग आणि सूर एकमेकांना बांधलेले आहेत, एकाला हात लावला की दुसरा हलतो. दोन्ही जमेल अशी जागा सापडेपर्यंत बसावं लागतं. बाबा दारातून बघतात आणि विचारतात, हे कुठल्या परीक्षेला येतं.

पण आत्या, मला एक कळत नाही. इथे टेप वेगवान वाटत नाही. ज्ञानूकाकांचा जो वेग होता तोच ठेवला होता. तरी तुम्ही सांगता म्हणून थोडा कमी करून दुसरी टेप सोबत पाठवते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अंकिता


सातारा,
१६ डिसेंबर १९९८

चि. अंकितास आशीर्वाद.

दुसरी टेप ऐकली. अजूनही वेगवान आहे, आणि गाणारी बाई कोणीतरी चिमटा काढल्यासारखी गाते. मुली हसायला लागल्या. हसणारी मुलगी लेझीम करू शकत नाही, हे तुला सांगायला नको. मेढ्याहून रोज येणाऱ्या दोघींनी तर मला विचारले की यंदा नुसते संचलनच ठेवायचे का. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते.

शाळेचे टेप लावायचे यंत्र खराब असेल असे मनात आणू नकोस. ते मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्त करून आणले आहे. मोटर बदलली. दुरुस्ती होईपर्यंत दुकानात उभी होते.

तुझ्या वडिलांना खरे तेच लिहिले आहे. दोन टेपा आल्या, दोन्ही निरुपयोगी. वाईट वाटले तर वाटू दे. गोड लिहून तुझे भले होणार नाही.

आशीर्वाद कमी केलेले नाहीत, एवढे ध्यानात ठेव.

कालिंदी


सांगली,
२२ डिसेंबर १९९८

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांनी तुमचं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. ‘निरुपयोगी’ हा शब्द दोनदा वाचला. आमटी वाढता वाढता आई थांबली. नाथाजी संक्रांतीनंतर कॉम्प्युटर बघायला येणार आहेत.

मी चिडून चार दिवस मशीन उघडलंच नाही. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. चिमटा काढल्यासारखी गाते, असं तुम्ही लिहिलंत. मी दुसऱ्या टेपेत वेग कमी केला होता. मग तिचा आवाज जाड व्हायला हवा, बारीक कसा झाला?

एकच मागणं आहे. शाळेत प्रार्थनेची पेटी असेल. पहिली टेप लावा आणि झेंड्याच्या गाण्याचा पहिला सूर पेटीवर शोधा. इथे मी शेजारच्या पेटीवर बघितलं, तो काळी दोनला येतो. तुमच्याकडे कुठे येतो तेवढं कळवा. पेटी तरी माझ्या बाजूची किंवा तुमच्या बाजूची नसते.

रागावले आहे, पण नमस्कार पूर्ण वाकून केला आहे.

अंकिता


सातारा,
२ जानेवारी १९९९

चि. अंकितास आशीर्वाद.

सुट्टी संपताच पेटी काढली. संगीताच्या बाईंना शेजारी बसवले, म्हणजे माझ्या कानावर कोणी बोट ठेवायला नको. तुझे गाणे इथे पांढरी चारला सुरू होते, म्हणजे दोन पट्ट्या वर. तीनदा लावून पाहिले.

म्हणजे यंत्र पळते आहे. मोटर दुसऱ्याच जातीची बसवलेली दिसते. दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, बाई, वाजतंय न्हवं, मग झालं की. त्याला जे सांगायचे ते सांगितले. मूळ मोटर आता पुण्याहून मागवावी लागेल आणि ती सव्वीसच्या आत येत नाही. दुसरे कुठलेही यंत्र मैदानाच्या कर्ण्याला जोडता येत नाही.

यावर तुला काही सुचते का ते लवकर लिही. मुली रोज नुसत्या माझ्या शिट्टीवर करत आहेत, आणि शिट्टीवर कोणाचे पाय आपणहून उचलत नाहीत.

अंगावर स्वेटर घालत जा.

कालिंदी


सांगली,
१४ जानेवारी १९९९

ती. आक्कास लालासाहेबाचा साष्टांग नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे, गोड मानून घे.

आक्का, तू डिसेंबरात लिहिलंस ते बरोबरच होतं. आता त्याच्याबी पुढची गोष्ट सांगतो. पोरीनं तुला धाडायला म्हणून तिसरी टेप केली. ती आंघोळीला गेली तवा मी गुपचूप लावून बघितली. अगं, ज्ञानूची हलगी जेवून सुस्तावल्यागत वाजते, आणि झेंड्याचं गाणं म्हशीनं म्हटल्यासारखं. पलटणीत असं कोणी वाजवलं असतं तर त्याला आठवडाभर पाठीवर वजनाचा पिट्टू लावून पळवला असता. अंकिताला विचारलं, तर म्हणते, बाबा, ही अशीच पाहिजे. वर हसते. मला काळजी वाटाय लागली.

रविवारी, चोवीस तारखेला, नाथाजी टेम्पो घेऊन येणार. मी व्हय म्हणून बसलोय. तुझं दोन ओळींचं पत्र आलं की पोरीपुढं ठेवतो, म्हंजे माझ्याशी वाद घालणार न्हाई.

तुझी शिस्त लांबूनच बरी, पण माया जवळ राहू दे.

लालासाहेब


सातारा,
१८ जानेवारी १९९९

चि. लालासाहेबास आक्काचे आशीर्वाद. तिळगूळ मिळाला. पाक कच्चा राहिला आहे, अंकिताच्या आईस सांग.

तू दोन ओळी मागितल्यास, पण तेवढ्यात हे बसत नाही. आमचे यंत्र पळते. अंकिताने पेटीच्या दोन सुरांवरून ते किती पळते हे काढले आणि टेप नेमकी तेवढीच ओढून भरली. म्हणून तुझ्याकडे म्हैस गाते. आज सकाळी ती टेप मैदानावर लावली. ज्ञानू स्वतः कर्ण्यामागे उभा आहे असे वाटले. मुली कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता उभ्या राहिल्या. ‘पवित्रा’ घेताना सगळ्या लेझमी एका वेळी वाजल्या. मी शिट्टी खिशात ठेवली.

डिसेंबरात मी तुला ‘निरुपयोगी’ लिहिले, ते यंत्र न तपासता लिहिले. तो शब्द तू दोनदा वाचलास असे समजते. हे पत्रही जेवतानाच वाच, आणि तितकेच मोठ्याने.

काम पूर्ण झाले आहे असे मात्र तिला सांगू नकोस. गाण्यातून शेवटच्या हलगीवर येताना अर्धा ठोका अडखळतो आणि तिसऱ्या रांगेचा पाय चुकतो. ती जागा तिने दुरुस्त करून शनिवारी एसटीने पाठवावी. त्यासाठी कॉम्प्युटर लागेल, आणि पुढच्या वर्षीही लागेल, कारण ज्ञानू कारखान्यावर कायम होतो आहे. नाथाजीला टेम्पो दुसरीकडे न्यायला सांग. तुला अवघड वाटत असेल तर मी सांगते.

तुझ्या घरी ती टेप कधीच नीट वाजणार नाही. ऐकायची असेल तर सव्वीसला सकाळी झेंड्याच्या आधी शाळेत ये. पदके लाव. अंकिताला यंत्राशेजारी बसवणार आहे, तेव्हा तू एकटा पुढच्या खुर्चीत बसशील. हसायचे नाही.

पत्रातला राग पत्रातच ठेवावा, माणसे घेऊन यावे.

तुझी आक्का,
कालिंदी