अमेरिकन गाडीच्या थाळ्या

१८ सप्टेंबर ७७, रवि. काटोल.
शहरातल्या सदर भागातून करीमभाईंना मिस्त्री म्हणून सोबत आणलं. त्यांनी अमेरिकन गाडीची पुढची चाकं काढली. आपल्याकडच्या गाड्यांना ब्रेकचे ड्रम. हिला पुढं लोखंडाच्या दोन थाळ्या, चिमट्यासारखं दोन्हीकडून धरून थांबवायच्या. घासून घासून पापड झालाय. "भाभी, ये थाली तो गई. इंडिया में मिलेगी नहीं." निमूने थाळीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "मिलेगी." माझी बायको म्हणून म्हणत नाही, पण असा एक शब्द मला आयुष्यात जमला नाही.

गाडी मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची. खाणीवरचा अमेरिकन साहेब मायदेशी परत जाताना त्यांनी घेतली. कशासाठी, तर आवाज आवडला! चालवते निमूच, दर रविवारी माहेरी आली की. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून पुढचा ट्रक ओलांडताना उजवीकडच्याने बघून सांगायचं. मामाजी बसतात आणि "चाल वं, मोकळं हाय" म्हणतात. बापलेकीचं एवढं एकच बोलणं भांडणाशिवाय होतं.

आज मात्र ऐकेनात. "त्या रोजी रेल्वे फाटकापाशी थांबली नाही. मले लेक पाह्यजे, गाडी नाही." गांधीबागेतले एक कापडवाले शेठ कधीपासून गाडी मागताहेत, वरातीला भाड्याने द्यायला. वरातीत ब्रेक लागतो कशाला. मामाजींनी शेठना शब्द देऊन टाकला: दसऱ्याला नीट थांबली तर निमूची, नाही थांबली तर तुमची.

परतीच्या बसमध्ये तेच डोळ्यांसमोर. ती आठ सिलिंडरची गाडी बँडमागे माणसाच्या चालीने रांगताना... नाही, नको.

२७ सप्टें., मंगळ.
आमच्या ट्रंक कॉलच्या टेलिफोन ऑफिसात दुपारी लाईनी रिकाम्या असतात. तेव्हा आम्ही ऑपरेटर लोक गावोगाव आपसात बोलून घेतो, हवापाणी, कांद्याचे भाव. नियमात बसत नाही. सध्या माझं एकच, थाळ्या. जबलपूरला विचारलं, इटारसीला विचारलं. रायपूर म्हणे, जीपचे ड्रम देऊ का? आज छिंदवाड्याचे तिवारीजी लाईनवर: "अरे भाई, आपकी गाड़ी की बहन मिल गई!" बंद पडलेल्या खाणीच्या बंगल्यामागे, हुबेहूब तीच. आत चौकीदाराच्या कोंबड्या राहतात.
एकटाच वेड्यासारखा हसलो. सुपरवायझरने पाहिलं. पाहू दे.

२ ऑक्टो., रवि.
उद्याच छिंदवाड्याला निघणार होतो. पितृपक्ष आडवा आला. मामाजींनी बाजारातल्या अडत्याच्या फोनवरून बजावलं, पंधरवड्यात नवं लोखंड आणायचं नाही. निमू म्हणाली, "बाबा, कोंबड्या बसून राहिल्या त्याच्यावर. नवं कुठून आलं?"
"तरी बी."
थांबलो. ती रोज कॅलेंडरपाशी जाऊन उभी राहते.

१५ ऑक्टो., शनि. छिंदवाडा.
निमू, मी, करीमभाई. कोंबड्या हाकलल्या. मागच्या सीटवर अंडी होती. निमूने ती पदरात गोळा करून चौकीदाराच्या बायकोला दिली आणि तोच पदर खोचून गाडीखाली शिरली. नट गंजून चिकटलेले. करीमभाई थकले की ही, ही थकली की ते. माझं काम पाना देणे आणि पाणी देणे. थाळ्या निघाल्या. वरून गंज, पण जाडी शाबूत! निमूच्या गालावर ग्रीस, केसांत कोंबडीचं पीस. लग्नातही इतकी सुंदर दिसली नव्हती. म्हणालो नाही तसं. म्हणायला हवं होतं.

खांडेनवमी. काटोल.
थाळ्या लेथवर साफ करून आणल्या. करीमभाईंनी बसवल्या. लखलखीत. चाकं चढवणार तर मामाजी आडवे. "आज हत्यारायची पूजा हाय. झाकून टाकसान त पूजा कशी होईन?" विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, पंपाचे पाने ओळीने मांडलेले, आणि शेवटी जॅकवर उभी अमेरिकन. करीमभाईंना बस गाठायची होती, ते गेले. निमू पुरणाच्या गडबडीत, मी बाजारात झेंडूला. आलो तर पूजा आटोपलेली, थाळ्यांवर कुंकू, आणि चमक तर सकाळपेक्षा जास्त. मामाजी गाडीसमोर हात जोडून उभे. ह्या माणसालाही ती जायला नकोय. चाकं मी आणि सालदार गड्याने चढवली.

दसरा.
सकाळी निमू डावीकडे, मामाजी उजवीकडे. मी शेताच्या फाटकाशी. तो आवाज! बांधावरची कावळेमंडळी उडाली. गाडी वळून माझ्याकडे आली, मी हात वर केला. थांबली नाही. निमूने गिअर पाडला, हँडब्रेक मारला आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी केली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी धावत गेलो.
मामाजी उतरले. "पाह्यलं? म्हटलं होतं म्या!"
निमूने चाकाच्या फटीतून बोट घातलं, वास घेतला. "बाबा, जवसाचं तेल हाय हे."
"त मंग? वरिसभर गंज लागू नये म्हून पूजेत सगळ्याच लोखंडाले लावतो मी."
"ब्रेकले कोणी तेल लावते का, बाबा!"
आणि कडब्याला टेकून ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रागाचा एक शब्द नाही. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

थाळ्या पेट्रोलने पुसता येतील. त्यांना धरणारे गुटके तेल प्यायलेत. निमू म्हणते तापवून तेल जाळून बघू, नाही जमलं तर पुन्हा छिंदवाडा. पण शेठ उद्या सकाळीच येणार. आणि मामाजींनी दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही, ह्याचं तालुक्यात कौतुक.

संध्याकाळी सोनं देऊन पाया पडलो तर मला बाजूला घेतलं. "जवाईबापू, थांबली नाही हे खरं. पण काहून थांबली नाही, हे शब्दात नव्हतं. शेठले काय सांगू?"
मी अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात निमू पुन्हा चाकं काढत होती.  मामाजी धोतर खोचून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि हात पुढे केला. तिने पेट्रोलचा बोळा त्यांच्या हातात दिला.