क्लचच्या पेडलचं रबर

गुरुवार, दारव्हा

१. नेरला जाऊन काकांची जुनी गाडी पाहिली.
२. मीटरवर अठरा हजार किलोमीटर. क्लचच्या पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत.
३. मी काही बोलायच्या आत बाबांनी बोनेटपुढे नारळ फोडला.

नारळ फुटला म्हणजे गाडी घेतली, असंच आमच्याकडे धरतात. काकूंनी खोबरं वाटलंसुद्धा. मी रबराबद्दल विचारलं, तर काका हसले. "काहून वं, इंजिनिअर झाली म्हणून काकावरच शक करून राह्यली?" बाबा त्यांचीच बाजू घेऊन म्हणाले, "माह्या भावाची गाडी हाय. नवीन कायले पाह्यजे?"

पुढच्या महिन्यात बदलीच्या जागी, झरी जामणीला, रुजू व्हायचंय. पाणीपुरवठ्याची कामं, जंगलातली गावं, बहुतेक वेळा मी एकटी. गाडी बंद पडली तर मागून दुसरी येईलच असं नाही. पण आता नवी घेतली तर दोघा भावांचं बोलणं बंद होईल. मग गप्प बसून हीच चालवायची? फार थकलेय. तरी ते रबर डोळ्यांपुढून जात नाही. अठरा हजारांत इतकं झिजत नाही. काकांनीही ती जुनीच घेतलेली; त्यांनाच ठाऊक नसेल तर?

शेवटी त्यांना एवढंच पाठवलं:

"काका, मीटर बदललं होतं का? बदललं असेल तर मी नवी घेईन आणि बाबांना सांगेन की मला रंग आवडला नाही. रविवारपर्यंत उत्तर द्या."