उताराचा सराव

३ मे, शुक्रवार
फेब्रुवारीनंतर आज वही उघडली. माफी मागायची तर कुणाची, माझीच, पण मागते. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं लिहिणार होते, ते खरं नाही. लिहिलं असतं तर वाचावंही लागलं असतं.

सकाळी पुन्हा बू यूसुफांबरोबर गोल्फ. डिसेंबरात डावा खुबा बदललेले, जानेवारीपासून क्लिनिकमध्ये माझ्याकडे येणारे, चौऱ्याहत्तर वर्षांचे. या वहीत त्यांचं नाव आज पहिल्यांदा येतंय.

इथे कुवेतमध्ये, सालमियात एका इमारतीच्या तळघरात पडद्यावरचं गोल्फ आहे. पायाखाली हिरवी चटई, समोर भिंतभर पडदा. बॉल खरा मारायचा, तो पडद्यावर आपटतो आणि पुढे चित्रात उडत जातो. त्यांना हवं ते मैदान यादीत आहे, स्वित्झर्लंडमधलं, डोंगरातलं. आजारपणाआधी दर जुलैत तिथे जायचे. मागे बर्फाची शिखरं, उतारावर पाइनची झाडं, खाली तळं. गाईंच्या घंटासुद्धा ऐकू येतात. बाहेर एक्केचाळीस अंश आणि आत मी शाल गुंडाळून.

गेले होते ती त्यांची कंबर वळताना कशी वळते ते बघायला. एकदाच. क्लिनिकच्या वेळेबाहेर. आता हा चौथा शुक्रवार, आणि आज मी स्वतः नऊ होल खेळले. त्यांचंच म्हणणं. "अकेला आदमी गोल्फ नहीं खेलता, दुक्तूरा. अकेला आदमी सिर्फ बॉल मारता है." त्यांचं हिंदी लहानपणीच्या मुंबईचं, वडील खजुराचा व्यापार करायचे, चार-पाच वर्षं तिथे काढलेली. मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, हे दर वेळी सांगते. ते मान डोलावतात आणि पुन्हा दुक्तूरा.

पाचव्या होलला माझा बॉल तळ्यात. ते इतके हसले की काठी घ्यावी लागली.

५ मे, रविवार
क्लिनिक. पलीकडच्या टेबलवरचा जोबी, केरळचा, माझ्या हाताखाली शिकून आता माझ्या बरोबरीचा, तरी मला ताई म्हणणारा: "चेची, आपका गोल्फवाला आ गया." सगळ्यांसमोर. मी हसण्यावारी नेलं.

बू यूसुफांबरोबर आज मुलगी नूरा आली होती. बँकेत आहे, घाईत असते. सरळ विचारलं, जुलैत बाबांना तिकडे नेऊ का? पूर्ण अठरा होल, पायी. तिथला चढ असा की गोल्फच्या गाड्या सोडत नाहीत. सर्जन म्हणतात हाड पक्कं आहे, चालण्याचं फिजिओला विचारा. म्हणजे मला. मी हो म्हटलं तर तिकिटं, नाही म्हटलं तर या वर्षी नाही. जूनच्या सुरुवातीला उत्तर हवं.

मी म्हटलं, अजून काही आठवडे बघू.

बरोबरच होतं ते. पण किती पटकन म्हटलं. त्यांच्या पायाकडे बघितलंही नव्हतं तेव्हा.

१० मे, शुक्रवार
आज फ्रान्त्सबद्दल कळलं. स्वित्झर्लंडमधल्या त्या मैदानाजवळचाच, यांच्याहून वयाने मोठा. दर जुलैत दोघांचा एक सामना, कित्येक वर्षं. आता फ्रान्त्सचे डोळे गेल्यासारखेच. बॉल मारतो आणि विचारतो, कुठे गेला? बू यूसुफ सांगतात. मी विचारलं, खरं सांगता?

"जब मैं जीतता है, तब सच."

पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्त्स खेळेल असं त्याला स्वतःलाही वाटत नाही म्हणे. हे सांगताना ते बॉल पुसत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

मग लक्षात आलं ते भयंकर. पडद्यावर एक फटका मारला की यंत्र आपल्याला उचलून पुढच्या जागी ठेवतं. मधल्या वेळात आम्ही सोफ्यावर बसून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा पितो. खऱ्या मैदानावर ते अंतर चालायचं असतं, डोंगरातून, वर आणि मग खाली. मी चार महिने त्यांना क्लिनिकच्या गुळगुळीत फरशीवर चालवते आहे, फार तर लाकडी पायऱ्या. सपाट देशात राहून उतार ही गोष्टच डोक्यातून गेली. इतक्या वर्षांचा अनुभव आणि...

कुवेतमध्ये उतार कुठे मिळेल?

१२ मे, रविवार
शिरीषशी फोन. सोसायटीची पाण्याची मोटर जळली, मुक्ताची परीक्षा संपली, आंबे महाग. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने विभाग बंद केला, तो आणि मुक्ता पुण्याला गेले, मी थांबले. "वर्षभर" असं ठरलं होतं. आता तो शब्द आम्ही दोघंही वापरत नाही.

गोल्फचं सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं काय आहे त्यात? म्हणून मुद्दाम सांगितलं. तो खूप हसला. "तू? गोल्फ? पायात काय घालतेस, सँडल?" मागून मुक्ता म्हणाली, "आई, दॅट्स सो रँडम." बरं वाटलं. मग फोन ठेवल्यावर जाणवलं की दर शुक्रवारी जाते हे सांगितलं नाही. एकदा गेल्यासारखं सांगितलं.

१७ मे, शुक्रवार
उतार सापडला. मॉलची बहुमजली पार्किंग. शुक्रवारी सकाळी सहाला रिकामी असते, आणि मजल्यामजल्यांना जोडणारा रॅम्प चांगला तीव्र आहे. नूराने गाडी खाली लावली आणि सीट मागे करून डोळे मिटले. बू यूसुफ पांढरी टोपी घालून, हातात काठीऐवजी गोल्फचा क्लब. वॉचमन बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला.

वर चढणं ठीक. दम लागला, पण पाय ठीक. वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, एखादी गाडी आली तर, म्हणून मी पुढे जाऊन बघायचे आणि हाक मारायचे, या. ते एकदम खूश झाले. त्यांच्या मैदानावर सातव्या होलला असंच आहे म्हणे. मध्ये टेकाड, पुढचं दिसत नाही. पुढचे खेळाडू हलले की तिथली घंटा वाजवतात, मग मागच्यांनी मारायचं. त्यानंतर प्रत्येक वळणावर माझी हाक आली की ते क्लब कठड्यावर ठण्ण वाजवायचे. तिसऱ्या मजल्यावर एक सफाई कामगार दचकला, त्याची बादली कलंडली. बू यूसुफांनी त्याची माफी मागितली, अरबीत, मग हिंदीत, मग पुन्हा अरबीत.

उतरताना सावकाश. तिथेच खरी परीक्षा, चढताना नाही. आज उतरले.

वर गच्चीवरून समुद्राची एक पट्टी दिसली. धुरकट. ते म्हणाले, तिथे आत्ता गवतावर दव असेल. मला त्या क्षणी दव नको होतं. इथलंच, हेच पुरेसं होतं.

२० मे, सोमवार
धूळ. दिवसभर खिडक्या पिवळ्या. चार पेशंटनी वेळ रद्द केली. घरी येऊन दारांच्या फटींना ओले टॉवेल लावले, आमटी केली, दोन दिवस पुरेल इतकी; कमी करायला अजून जमत नाही. संध्याकाळी कुणाशी बोलले आठवून पाहिलं. लिफ्टमधल्या बाईंशी, धुळीबद्दल.

२४ मे, शुक्रवार
पुन्हा पार्किंग. चढताना माझ्यापुढे गेले. उतरताना शेवटच्या रॅम्पवर डाव्या पायावर भार आला आणि कमरेची उजवी बाजू किंचित खाली गेल्यासारखी वाटली. डाव्या खुब्याचा स्नायू थकला की असं होतं. सपाटीवर चालून जातं, ओल्या गवताच्या उतारावर माणूस पडतो. नवा खुबा, परका देश, आंधळा सोबती.

दिसलं की वाटलं? एकदाच झालं. पुन्हा चालायला लावलं, काही नाही.

मी म्हटलं, अजून एक आठवडा बघू.

ते पिवळ्या कठड्यावर बसले. "तुमने मुझे गिरते देखा?"

नाही म्हटलं.

"लंगडते देखा?"

नाही.

"तुम डरता है, दुक्तूरा. ठीक है. लेकिन किसके लिए?"

तुमच्यासाठी, म्हटलं. पुन्हा तसंच पटकन. ते हसले नाहीत. टोपी नीट केली आणि नूराच्या गाडीकडे निघाले, माझ्यासाठी न थांबता. मी मागून त्यांची चाल बघत राहिले, फिजिओ म्हणून. तेव्हा तर मुळीच काही दिसलं नाही.

२७ मे, सोमवार
नूराने शुक्रवारी गाडीतून उतरणीचा व्हिडिओ काढला होता, तो मागवून घेतला. बघितला. थांबवला की कंबर खाली गेलेली दिसते, चालू ठेवला की दिसत नाही. सदरा सैल, त्याची घडी असेल. नाहीतर नसेल.

दुसरा कुणी पेशंट असता तर मी काय म्हटलं असतं? हे स्वतःला विचारते आणि उत्तर येत नाही, कारण दुसरा कुणी पेशंट असता तर मी शुक्रवारी सहाला तिथे नसतेच.

३१ मे, शुक्रवार
आज त्यांच्याकडे पाहुणे, म्हणून सुट्टी. सकाळी सवयीने उठले, आवरलं, आणि तळघरात गेले. एकटी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकल नहीं आए?" मी तेच मैदान लावलं. यंत्राने दुसऱ्या खेळाडूचं नाव विचारलं, मी ते रिकामं सोडलं.

शिखरं, पाइन, तळं, घंटा. पहिला फटका चांगला गेला, गेल्या महिन्याभरातला सगळ्यात चांगला. मागे वळून बघितलं.

दुसऱ्या होलनंतर सोफ्यावर बसले आणि उगीचच जुलैचे शुक्रवार मनात आले. मग ऑगस्टचे. त्या सगळ्यांत ते होते, इथे, सोफ्यावर, चहाबरोबर. एकाही शुक्रवारी ते फ्रान्त्सकडे गेलेले नव्हते. मी ते ठरवलं नव्हतं, पण तसंच धरून चालले होते. किती दिवसांपासून, माहीत नाही. कदाचित "अजून काही आठवडे" म्हणाले तेव्हापासून.

उरलेले होल खेळले नाहीत. पैसे परत देऊ का, असं त्या मुलाने विचारलं. नको म्हटलं.

१ जून, शनिवार
नूराचा मेसेज. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर तिकिटं मिळणार नाहीत. खाली एक वाक्य: बाबा म्हणतात तुम्ही जे सांगाल ते ते मानतील, तुमच्याशी वाद घालणार नाहीत.

वाद घातला असता तर सोपं गेलं असतं.

हो म्हटलं तर मी स्वतःचा स्वार्थ झटकून दाखवण्यासाठी हो म्हणेन, आणि ते सातव्या होलच्या उतारावर पडतील. नाही म्हटलं तर फ्रान्त्स एकटा उभा राहून विचारेल, कुठे गेला. कंबर खरंच खाली जात असेल तर नाही हेच उत्तर आहे. जात नसेल तर नाही. म्हणजे हो. दुपारभर हेच. व्हिडिओ पुन्हा बघितला नाही. माझ्या डोळ्यांवर आता माझा विश्वास नाही आणि ही एकच गोष्ट मी खात्रीने सांगू शकते.

जोबी पेशंटशी गप्पा मारत नाही. नावसुद्धा विसरतो, खुबा कुठल्या बाजूचा ते विसरत नाही. त्याला उतरण कशी बघायची ते मीच शिकवलंय. तो हो म्हणाला तर वाईट वाटेल, नाही म्हणाला तर बरं वाटेल. दोन्ही मला आत्ताच माहीत आहे, आणि त्याला यातलं काही माहीत नाही.

त्याने पेशंट एकदा हातात घेतला की परत देत नाही, बू यूसुफही मग त्याचेच. ते बरोबरही आहे.

उद्या: सकाळी पहिल्यांदा जोबीला सांगणे, बू यूसुफांना पार्किंगच्या रॅम्पवर त्याने तपासावं. मी तिथे नसताना.